दयेचा भार कोणी वाहावा?

आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही तुळिंजच्या चाळींतून व इमारतींतून फिरतो, तेव्हा एक दृश्य वारंवार दिसते. एकच खोली, कोपऱ्यात खाट, खाटेवर अंथरुणाला खिळलेली वृद्ध माता आणि उशाशी एकटी सून. त्या सुनेच्या पाठदुखीची चौकशी कोणी करीत नाही. अशा वेळी आम्हांस वसईचा जुना इतिहास आठवतो.

इ. स. १४९८ मध्ये पोर्तुगालच्या राणी लिओनोर यांच्या पुढाकाराने लिस्बन येथे 'मिझेरिकॉर्दिया' हा दयासंघ स्थापन झाला. सात शारीरिक व सात आत्मिक दयाकृत्ये हा त्याचा पाया. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची विचारपूस, मृताला मूठमाती ही कर्तव्ये सभासदांनी मिळून पार पाडावयाची होती. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे येथेही मिझेरिकॉर्दिया उभी राहिली. सत्ता परकी होती, संघाच्या कार्यालाही मर्यादा होत्या. तरी दुखणाईताचा भार केवळ त्याच्या घराचा नसून बंधुसंघाचा आहे, हे तत्त्व त्यात होते.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजांपुढे वसईचा कोट शरण आला आणि पोर्तुगीज सत्ता येथून गेली. भार उरला तो घरांवर, वाड्यांवर. मोठ्या कुटुंबात आजीला एक भरवी, दुसरी न्हाऊ घाली, रात्री पुतण्या जागे. शेजारीण पेज आणून देई. त्या काळाचे गोडवे गाताना, कष्ट बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येत, हे विसरता कामा नये. परंतु हात अनेक होते.

गेल्या काही दशकांत तुळिंज गावाचे दाट वस्तीचे नगर झाले. कर्ती माणसे पहाटेची लोकल पकडतात आणि घरी हात उरतात ते दोनच. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली, हे योग्यच झाले. मात्र कायदा निर्वाहभत्ता मिळवून देईल. रात्री कूस बदलून देणारा हात तो कोठून आणणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा केवळ मरणघटकेचा संस्कार नव्हे. तरीही पुष्कळ घरांतून आम्हांस बोलावणे येते ते अखेरच्या श्वासालाच. दोष एकट्या कुटुंबाचा नाही. आम्हीही दहा मिनिटे प्रार्थना करून निघून येतो आणि मागे राहिलेल्या सुनेला 'तू जेवलीस का?' एवढेही विचारीत नाही.

प्रिय वाचकहो, मिझेरिकॉर्दियाच्या इमारती आता नकोत. तिची वाटणी हवी. शेजारच्या चार घरांनी आठवड्यातून दोन-दोन तास दिले, मुलाने लाज न बाळगता आईचे अंग पुसले, तर त्या सुनेला एक रात्र शांत झोप मिळेल. दयाकृत्याचा आरंभ तेथूनच होऊ द्या.