डिस्क वाढली, तरी स्टोरेज पूल का वाढत नाही?

व्हर्च्युअल मशीनची डिस्क तुम्ही १०० गिगाबाइटवरून २०० केली, तरी तिच्यावरचा झेडएफएसचा स्टोरेज पूल बहुधा १०० गिगाबाइटच दिसतो. हा बिघाड नव्हे. त्यामागचे कारण इतिहासात शोधू.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकातील युनिक्समध्ये एक फाइल सिस्टिम म्हणजे एक डिस्क किंवा तिचे एक पार्टिशन. जागा संपली की डेटा टेपवर उतरवायचा, मोठ्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम तयार करायची आणि डेटा परत भरायचा. पुढे आलेले व्हॉल्यूम मॅनेजर अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क असल्याचा भास निर्माण करत. पण व्हॉल्यूम वाढवल्यावर फाइल सिस्टिम वेगळी वाढवावीच लागे.

झेडएफएसचा विचार

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये झेडएफएसचे काम सुरू केले. २००५ मध्ये ती सोलारिसच्या मूळ कोडमध्ये सामील झाली. त्यांनी तुलना घेतली रॅमची. संगणकात नवी रॅम बसवल्यावर आपण तिचे पार्टिशन करत नाही. सर्व प्रोग्रॅम ती वाटून घेतात. डिस्कही तशाच एका सामायिक साठ्यात का असू नयेत? यातून स्टोरेज पूल आला. त्यातील सर्व फाइल सिस्टिम मोकळी जागा वाटून घेतात.

तुलनेची मर्यादा

रॅम वीज गेली की सारे विसरते. डिस्क विसरत नाही. पूलमधली डिस्क एकदा वाढवली की ती पुन्हा लहान करता येत नाही. म्हणूनच 'ऑटोएक्सपांड' हा गुणधर्म सुरुवातीला बंद असतो. वाढ माघारी फिरवता येत नसेल, तर निर्णय माणसाने घ्यावा, हे सयुक्तिकच आहे.

प्रत्यक्ष क्रम

१. आधी बॅकअप घ्या. चुकीचे पार्टिशन बदलले तर डेटा जाऊ शकतो.
२. डिस्कचा नवा आकार ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतो का, ते तपासा.
३. पूल पार्टिशनवर असेल, तर त्याची सुरुवात न हलवता शेवट पुढे न्या.
४. 'झेडपूल ऑनलाइन' ही आज्ञा विस्ताराच्या पर्यायासह द्या, किंवा आधीच ऑटोएक्सपांड सुरू करा.

झेडएफएस प्रत्येक डिस्कवर आपल्या लेबलच्या चार प्रती ठेवते: दोन आरंभी, दोन शेवटी. विस्तारात शेवटच्या दोन प्रती नव्या टोकाला जातात. मिररमध्ये मात्र सर्वांत लहान डिस्क मर्यादा ठरवते; दोन्ही डिस्क मोठ्या झाल्याशिवाय जागा वाढत नाही.

विचार करा: एका मिररमध्ये १ टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. त्यांपैकी एकच बदलून २ टेराबाइटची बसवली, तर वापरता येणारी जागा किती? आणि का?