सताप, अंजीर आणि मिठाचा खडा

जबलपूरच्या ग्वारीघाटला आजी संध्याकाळी नर्मदेत दिवा सोडायला यायची, शेपटासारखी मी मागे. घाटावर परिक्रमावासी हमखास भेटायचे. हा उत्तर तट. मैया उजव्या हाताला ठेवून ओंकारेश्वरहून निघालेला माणूस इथवर येतो तो ओंकारेश्वरपासून समुद्रापर्यंतचा दक्षिण तट, शूलपाणीची झाडी आणि विमलेश्वर ते मिठी तलाई हा नावेचा प्रवास उरकून. गोष्टींची झोळी गच्च भरलेली. त्यात अश्वत्थामा असायचाच, कपाळावरच्या जखमेला तेल मागणारा. आजी हात जोडायची, शिधा द्यायची आणि परतताना म्हणायची, "माणूस भला आहे गं, पण तिखटमीठ जरा जास्तच."

पुढे मी जबलपुरातच इंग्रजी शिकवली. 'ग्रेन ऑफ सॉल्ट', म्हणजे ऐकलेलं जरा संशयानेच घेणं, हे आलं की वर्गात दरवर्षी तोच घोळ. मराठी घरांतली मुलं 'तिखटमीठ लावणं' म्हणत, बाकीची 'नमक-मिर्च लगाना'. अर्थ बरोब्बर उलटा. आपल्याकडे मीठ सांगणारा घालतो. इंग्रजाकडे ऐकणाऱ्याने स्वतःचं आणायचं!

हे मीठ मुळात रोमचं. प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात औषधाची एक कृती टिपली. पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस विषाला भिऊन असायचा. त्याला हरवल्यावर सेनापती पाँपीला त्याच्या खासगी कागदांत उतारा सापडला: २ सुके अक्रोड, २ अंजीर, सतापाची २० पानं, एकत्र कुटून वर मिठाचा खडा. अनशापोटी घ्या, त्या दिवशी विष बाधत नाही. (सताप आमच्याही परसात होता, आजी तो बाळांच्या पोटदुखीवर वापरायची.) प्लिनीच्या वाक्यात संशय औषधालाही नाही. मीठ म्हणजे मीठच. इंग्रजीत ते सतराव्या शतकात उगवलं आणि पुढे अविश्वासाची खूण होऊन बसलं. मधल्या दीड हजार वर्षांत खडा कुणाच्या जिभेवर विरघळला, याची जी स्पष्टीकरणं देतात ती मला तरी ओढूनताणून वाटतात.

मला आजीचंच बोलणं नेमकं वाटतं. ती गोष्ट खोटी म्हणत नव्हती, फक्त मसाला वेगळा काढत होती. आणि शिध्यात तांदूळ-डाळीसोबत मिठाची पुडी ती न चुकता बांधायची.