अवयव-प्रत्यारोपणाच्या इतिहासातील रुग्णाचे आजारपण

अवयव-प्रत्यारोपणाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियांच्या तारखांनी लिहिला जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने काढलेल्या आजारपणाच्या दिवसांकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात त्या दिवसांचा मागोवा घेतला आहे.

बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंड-प्रत्यारोपण यशस्वी झाले, कारण दाता व रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. शरीराला तो अवयव परका वाटला नाही. इतरांच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्यांच्यासाठी १९६० च्या दशकात अझाथायोप्रिन व स्टिरॉइड यांचा एकत्रित वापर सुरू झाला. या औषधांनी प्रतिकारशक्ती दडपली की अवयव टिकतो. पण त्याच वेळी जंतुसंसर्गालाही वाट मोकळी होते. प्रत्यारोपित रुग्णाच्या आजारपणाचे सारे स्वरूप या पेचातून घडले आहे.

केपटाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्यावर हृदय-प्रत्यारोपण केले. अठराव्या दिवशी ते दगावले, ते न्यूमोनियाने. फुप्फुसातील बदल संसर्गाचे की शरीराने हृदय नाकारल्याचे, हा प्रश्न डॉक्टरांपुढे होता. पहिल्या स्थितीत प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करावी लागतात, तर दुसऱ्या स्थितीत वाढवावी लागतात. चुकीच्या निदानाची किंमत अर्थातच रुग्णाला मोजावी लागते.

दुसरे रुग्ण फिलिप ब्लायबर्ग हे व्यवसायाने दंतवैद्य. २ जानेवारी १९६८ रोजी शस्त्रक्रिया झाल्यावर ते ७४ दिवस रुग्णालयात होते व त्यांना निर्जंतुक कक्षात ठेवण्यात आले होते. समुद्रकिनाऱ्यावरील त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी आवडीने छापली. परंतु त्याच वर्षाच्या मध्यास यकृत व फुप्फुसाच्या विकाराने ते मरणाच्या दारी पोहोचले होते, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही. त्यातून ते सावरले आणि १७ ऑगस्ट १९६९ पर्यंत जगले. स्वतःच्या अनुभवावर त्यांनी १९६८ मध्येच पुस्तकही प्रसिद्ध केले. रुग्णाची बाजू नोंदविणारे साधन म्हणून इतिहासकाराने त्याची दखल घ्यावयास हवी.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय-प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. पुढील दोन-तीन वर्षांत बहुतेक देशांतील हृदय-प्रत्यारोपण केंद्रांनी हे काम थांबविले. शस्त्रक्रियेचे तंत्र हाती आले होते. शस्त्रक्रियेनंतरचे आजारपण हाती आले नव्हते.

१९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सायक्लोस्पोरिनमुळे आयुर्मान वाढले. तथापि हे औषध मूत्रपिंडालाच अपाय करू शकते, हा विरोधाभास मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास विशेष जाचक ठरला. त्यानंतर आलेल्या टॅक्रोलिमसचीही रक्तातील मात्रा वरचेवर तपासावी लागते. जुलाब झाल्यास ती वाढू शकते. उलटी झाल्यास औषध पोटात राहिले की नाही, हेच कळत नाही. इतरांनी घरी लंघन करून काढावा असा दिवस या रुग्णास आजही रक्ततपासणीत व डॉक्टरांच्या सल्ल्याची वाट पाहण्यात काढावा लागतो.