ज्येष्ठांसाठी चार्जिंगची टॉर्च कशी असावी?

रात्री दोन-अडीचची वेळ. लघवीला जायला आजी उठतात आणि तेवढ्यात लाइट जाते. उशाशी टॉर्च असते. एकदा दाबली की झगझगीत प्रकाश, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लुकलुक. ती बंद कशी करायची हे आठवत नाही. वैतागून टॉर्च खाली ठेवतात आणि भिंतीला धरून चाचपडत निघतात. रात्री पडलेल्या रुग्णांना विचारले की असाच काहीसा प्रसंग समोर येतो. टॉर्च घरात असते, पण ऐनवेळी वापरता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात आणि साठीपुढच्या व्यक्तींमध्ये हे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणून ज्येष्ठांची टॉर्च ही चष्मा आणि काठीइतकीच विचारपूर्वक निवडायला हवी.

पुण्यात याची गरज का?

कसबा, शनिवार, सदाशिव अशा पेठांमधील जुन्या वाड्यांचे जिने अरुंद, चढे आणि दिवसाही अंधारे असतात. काही ठिकाणी स्वच्छतागृह खोलीबाहेर असते. नव्या सोसायट्यांमध्येही लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किंवा जनरेटर सुरू होईपर्यंत अंधारच असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अनेक कुटुंबांना रात्रीच घर सोडावे लागले. अशा वेळी वृद्ध माणसाच्या हातात चालू असलेली टॉर्च फार मोलाची असते.

वयानुसार डोळ्यांत काय बदलते?

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. विशीतील व्यक्तीच्या तुलनेत साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात आल्यावर नजर सरावायलाही जास्त वेळ लागतो.

मग जास्तीत जास्त प्रखर टॉर्च घ्यावी का? नाही. मोतीबिंदू असेल तर प्रखर, निळसर-पांढरा प्रकाश डोळ्यांतच विखुरतो आणि समोरचे दिसेनासे होते. टॉर्च बंद केल्यावर अंधार आणखी गडद वाटतो तो वेगळाच. म्हणून प्रकाश असा असावा:

- पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्विन.
- घरात चालण्यासाठी ५० ते १०० ल्युमेन पुरतात.
- झोत पसरट असावा. पायापुढची फरशी, उंबरठा आणि पायरीची कड एकाच वेळी दिसली पाहिजे. लांबवर जाणारा बारीक झोत घरात उपयोगाचा नाही.

हाताला झेपेल अशी रचना

अंगठ्याच्या सांध्याचा संधिवात असेल तर मागचे कडक बटण दाबताना दुखते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर नाजूक स्पर्शाचे बटण दाबले गेले की नाही तेच कळत नाही. हात थरथरत असेल तर बटण दोनदा दाबले जाते आणि दिवा लागून लगेच विझतो.

यावर सोपा उपाय म्हणजे पुढे-मागे सरकणारा, ठळक उंचवट्याचा एकच खटका. पुढे सरकवला की चालू, मागे घेतला की बंद. लुकलुक नको आणि प्रकाशाचे तीन-चार प्रकारही नकोत. खटका कोणत्या बाजूला आहे हे न बघता, नुसत्या बोटाने कळले पाहिजे.

याशिवाय:

- वजन २०० ग्रॅमच्या आत असावे आणि पकड खरबरीत असावी.
- आकार एका बाजूने चपटा असावा. गोल टॉर्च घरंगळत पलंगाखाली जाते आणि ती काढायला वाकताना तोल जातो.
- बूड सपाट असावे, म्हणजे स्वच्छतागृहात फळीवर उभी ठेवता येते.
- मनगटात अडकवायला सैलसर दोरी असावी, पण ती पायात येण्याइतकी लांब नको.
- रंग फिकट असावा किंवा अंधारात चमकणारी पट्टी लावलेली असावी.

एक हात कठड्यासाठी मोकळा राहिलाच पाहिजे. जे काठी वापरतात त्यांचे दोन्ही हात अडकतात. त्यांच्यासाठी काठीला अडकवता येणारा किंवा कपड्याला लावता येणारा छोटा दिवा बरा.

चार्जिंग: सर्वांत कच्चा दुवा

चार्ज करायचे लक्षात राहिले नाही तर उत्तम टॉर्चही निरुपयोगी. म्हणून पलंगाशेजारी चार्जिंगचा स्टँड असणे सर्वांत चांगले. टॉर्च जागेवर ठेवली की चार्ज होते, लाइट गेली की आपोआप लागते. चार्ज पूर्ण झाल्यावर पुरवठा आपोआप थांबण्याची सोय मात्र त्यात हवी.

स्टँड नसेल तर टाइप-सी पिन असलेली टॉर्च घ्या. ही पिन कोणत्याही बाजूने बसते, त्यामुळे उलट-सुलट पाहावे लागत नाही. चार्जिंगचा वार ठरवून टाका, उदाहरणार्थ दर रविवारी सकाळच्या चहाच्या वेळी.

२००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि अर्ध्या वॅटचा एलईडी असेल, तर टॉर्च सलग १२ तासांच्या आसपास चालते. सेलसाठी आयएस १६०४६ या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा. सेल फुगला किंवा चार्ज होताना फार तापू लागला, तर टॉर्च वापरणे थांबवा.

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचायच्या स्वस्त टॉर्चबाबत सावध राहा. त्यांतील अनेकांत आतील भाग घरच्या विजेपासून वेगळा केलेला नसतो. कवच तडकले असेल तर चार्ज होताना शॉक बसू शकतो. त्यातला शिशाचा सेलही बरेच दिवस रिकामा राहिला तर खराब होतो.

खरेदीपूर्वी चाचणी

तपकीर गल्लीत किंवा जवळच्या दुकानात जाताना ज्यांना टॉर्च वापरायची आहे त्यांनाच सोबत न्या. काहीही समजावून न सांगता टॉर्च त्यांच्या हातात द्या. डोळे मिटून, एका हाताने, पहिल्याच प्रयत्नात ती लावता आणि बंद करता आली तरच घ्या. चार्जिंगची पिनही त्यांनाच लावून पाहू द्या.

टॉर्च घेऊन उठताना

आधी दिवा लावा आणि मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसून राहा. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते. झोत पायापुढे ठेवा. टॉर्चची जागा कधीही बदलू नका. घर आवरताना ती उचलून ठेवू नये हे घरातील इतरांनाही सांगा. पलंग ते स्वच्छतागृह या वाटेवर पायपुसणे, वायर किंवा स्टूल नको. या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवणे केव्हाही चांगले. टॉर्च ही त्याला जोड आहे, पर्याय नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- रात्री दोनपेक्षा जास्त वेळा लघवीला उठावे लागत असेल.
- उभे राहताना चक्कर येत असेल. अशा वेळी रक्तदाब झोपून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या.
- रात्रीचे दिसणे कमी झाले असेल किंवा दिव्यांभोवती वलये दिसत असतील.
- वर्षभरात एकदा जरी पडला असाल, मग लागलेले नसले तरी.

पडल्यानंतर खुब्यात तीव्र वेदना असतील, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर रुग्णाला उभे करू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बरे वाटत असले तरी त्याच वेळी रुग्णालयात जा.