वन्स मोअर! आपण परत परत का जातो?

आजची सुरुवात माझ्या एका फजितीपासून.

भाषा शिकवणाऱ्या एका ॲपवर माझी 212 दिवसांची स्ट्रीक होती. एका रात्री प्रवासात रेंज गेली आणि स्ट्रीक तुटली. दुसऱ्या दिवशी मी ॲप उघडलंच नाही, तिसऱ्या दिवशी डिलीट केलं. सात महिन्यांची ‘आवड’ एका रात्रीत संपली! मी स्वतः ॲप बनवूनच पोट भरतो. युजर परत कसा येईल, यावर आमच्या निम्म्या मीटिंगा होतात. म्हणून प्रश्न पडला, की नोटिफिकेशन नव्हतं तेव्हा लोक कशाच्या ओढीनं परत यायचे?

चला, संगीत नाटकाच्या काळात जाऊ.

31 ऑक्टोबर 1880. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. आता शकुंतलेची गोष्ट कोणाला माहीत नव्हती? सस्पेन्स शून्य. तरी लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायचे. गोष्ट कळावी म्हणून कोणी येत नव्हतं, आज पद कसं रंगतंय ते ऐकायला येत होते.

1905 मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले. 1913 मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. ते स्त्रीभूमिका करायचे. त्यांची साडी नेसायची ढब, दागिने, केशरचना हे सगळं बघून घराघरांतल्या बायका तसं नटायला लागल्या. म्हणजे नाटक संपायचं, पण प्रेक्षक त्यातलं काहीतरी अंगावर घेऊन घरी जायचा.

आणि मग ‘वन्स मोअर’! पद आवडलं की थिएटर ओरडायचं आणि नट तेच पद पुन्हा गायचा. पण ‘तेच’ कुठलं? दुसऱ्या वेळी तान वेगळी, जागा वेगळी. तबल्याला अहमदजान थिरकवा असतील तर विचारूच नका. नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. मागच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक असायचं, की ही तान आपण मागितली म्हणून आली.

त्यात गटही होते. कोणी गंधर्वांचे, कोणी ‘ललितकलादर्श’च्या केशवराव भोसल्यांचे. कोण श्रेष्ठ यावर वाद झडायचे. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एकत्र उभे राहिले, तो ‘संयुक्त मानापमान’. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. त्या रात्री प्रेक्षक नुसतं गाणं ऐकायला गेला नव्हता. ‘माझा माणूस’ कसा गातो, हे बघायला गेला होता.

1985 मध्ये लोराँ आणि काप्फेरेर या दोन अभ्यासकांनी ग्राहकाची गुंतवणूक मोजायची पद्धत मांडली. ते म्हणाले, ती एका आकड्यात मावत नाही. गोष्ट मला किती महत्त्वाची, तिच्यातून आनंद किती, ती माझ्याबद्दल काय सांगते, निवड चुकली तर किती लागेल, आणि चुकण्याची शक्यता किती, असे तिचे पाच पैलू आहेत. आता नाटकाला लावून बघा. साडीची ढब आणि ‘आम्ही गंधर्वांचे’ ही झाली ओळख. आणि आज आवाज लागेल का, ही धाकधूक? तीसुद्धा माणसाला बांधून ठेवते!

मग बोलपट आला. 1935 मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. तोच गळा, वर प्रभातसारखी तालेवार कंपनी. पण तिथं ते रमले नाहीत आणि पुन्हा रंगभूमीवर परतले. मला वाटतं, अडचण दोन्ही बाजूंनी होती. पडद्याला ‘वन्स मोअर’ ऐकू येत नाही आणि कॅमेरा ‘वन्स मोअर’ देत नाही.

अर्थात, प्रेमानं कंपन्या वाचल्या असं नाही. बोलपटाचं तिकीट स्वस्त, खेळ जास्त. नाटक मंडळ्या एकेक करून बंद पडल्या, आणि स्वतः गंधर्वांचा उत्तरकाळ हलाखीत गेला. रसिकांची ओढ म्हणजे धंद्याचा विमा नव्हे, हे आमच्या मीटिंगमध्येही कोणीतरी सांगायला हवं.

पण कंपनी बुडाली तरी ओढ बुडाली नाही. आजही नाट्यसंगीताच्या मैफलीत ‘मानापमान’मधलं पद सुरू झालं, की आजोबा डोळे मिटून मान डोलावतात आणि शेजारची नात मोबाइल बाजूला ठेवते. त्यांची स्ट्रीक कोणी मोजत नाही. चार वर्षं खंड पडला तरी ती तुटत नाही.

माझ्या ॲपनं 212 दिवस माझी हजेरी घेतली. मी आल्यानं तिथं काही बदललं मात्र नाही, म्हणून सोडताना काही तुटलंही नाही. नाटकवाल्यांनी हजेरी घेतली नाही, पण हाक मारली की ‘ओ’ दिली.

तुम्ही कुठे परत परत जाता? ट्रेकचा ग्रुप, ढोलपथक, कोपऱ्यावरची लायब्ररी? तुम्ही एक दिवस गेला नाहीत, तर तिथं कोणाला चुकल्यासारखं वाटेल का? विचार करा आणि मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!