साथीचें यंत्र

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब हें गांव चिंतामणीच्या देवळासाठीं विदर्भांत सर्वश्रुत आहे. चक्रावती नदीच्या कांठच्या या गांवीं देवदर्शनास पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालीं जावें लागतें. अशा देवस्थानीं भजनाला टाळ-मृदंग असले म्हणजे पुरतें. तुकडोजी महाराजांनीं तर खंजिरीच्या साथीवर सारा विदर्भ जागा केला. भजन समुदायाचें असल्यामुळें तेथें साथीला माणसांची वाण नसते. परंतु जो एकटा ख्याल शिकावयास बसतो, त्याच्यापुढें जुनाच प्रश्न उभा राहतो : तंबोरा कोणीं छेडावा आणि ठेका कोणीं धरावा? या प्रश्नाचीं उत्तरें शोधतां शोधतां साथीच्या यंत्रांचा इतिहास घडला आहे.

त्यांतलें पहिलें मोठें उत्तर परदेशांतून आलें. १८४२ सालीं पॅरिस येथें अलेक्झांद्र दबॅं यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पायानें भाता हलविण्याच्या या वाद्याला पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हातभात्याचें, बैठकीस सोयीचें रूप दिलें. मराठी संगीत रंगभूमीनें पेटीला आपलेंसें केलें. भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे आणि १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे यांनीं तर तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

तथापि विरोधहि तितकाच तीव्र होता. पेटीचे स्वर पट्ट्यांनीं बांधलेले. मींड आणि सूक्ष्म श्रुति तींतून निघत नाहींत, हा आक्षेप ग्राह्य धरून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला बंदी केली. १९४८ सालीं नागपूर केंद्र सुरू झालें, तेंहि या बंदीच्या काळांतच. १९७१ सालीं बंदी सैल झाली. ज्या वाद्यावर यांत्रिकतेचा ठपका आला, त्याच्या मागें निदान ऐकणारा माणूस तरी बसलेला होता. पुढच्या यंत्रांनीं तोहि नाहींसा केला.

१९७९ सालीं बंगळूरच्या जी. राज नारायण या वादक-अभियंत्यानें विजेवर चालणारा तंबोरा पुढें आणला. मिरजेच्या कारागिरांनीं भोपळ्यांतून आणि जवारींतून साधलेला नाद एका लहान पेटींत अल्पांशानें का होईना उतरला. १९८३ सालीं ‘मिडी’ नांवाची सांकेतिक पद्धति प्रसिद्ध झाली. तींत प्रत्यक्ष ध्वनि साठविलेला नसतो. कोणता स्वर, किती जोरानें, किती वेळ वाजावा, एवढीच आज्ञा असते. त्यामुळें पट्टी न बदलतां लय वाढवितां येते आणि लय न बदलतां पट्टी. याच तत्त्वावर संगणकाचे साथकार उभे राहिले. ‘जेजॅझलॅब’सारखा कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो आणि त्याची घडणहि सर्वांस खुली आहे. पाश्चात्त्य स्वरसंघांचीं नांवें लिहून ताल निवडला कीं ढोल, खर्ज आणि इतर वाद्यें तो आपण होऊन रचतो. आपल्या गायकाला मात्र तंबोरा आणि ठेका एवढेंच लागतें. तेंहि आतां हातांतल्या दूरध्वनींत विनामूल्य मिळूं लागलें आहे.

असा साथकार घरीं आणण्याची रीत तंबोरा आणण्याहून फारशी निराळी नाहीं. वाद्य ओळखीच्या कारागिराकडून घ्यावें, तसा कार्यक्रम त्याच्या कर्त्याच्याच ठिकाणाहून उतरवावा. आज्ञांना आवाज देणारा ध्वनिकोश त्याच्यासोबत आहे कीं नाहीं, तें पाहावें. तो नसेल तर यंत्र मुकें राहतें. मग आपली पट्टी लावावी. तंबोऱ्याची जवारी जशी वेळोवेळीं काढून घ्यावी लागते, तशी कार्यक्रमाचीहि नवी आवृत्ति घ्यावी लागते. परंतु नवी आवृत्ति जुन्या रचना वाचीलच असें नाहीं. म्हणून आपल्या रचनांची प्रत अगोदर बाजूस ठेवावी, आणि मैफलीच्या दिवशीं तरी हा उद्योग करूं नये.

या लाभाचें मोल थोडें नाहीं. ज्या गांवीं तबलजी सहजासहजीं मिळत नाहीं, तेथल्या विद्यार्थ्याला पहांटेच्या रियाजास बिनतक्रार सोबती मिळाला. फेब्रुवारी १९२४ नव्हे, २०२४ मध्यें वर्ध्याहून कळंबला आगगाडी पोहोंचली. साथीचें यंत्र तिच्या आधींच खेड्याखेड्यांत पोहोंचलें होतें. मात्र या सोबत्याला कान नाहींत. गायकाची सम किंचित् चुकली तर कसलेला तबलजी क्षणांत सांवरून घेतो, आणि रंगलेल्या तानेला दाद देतो. यंत्र चुकत नाहीं, म्हणूनच तें क्षमाहि करीत नाहीं. त्याच्याच संगतींत वाढलेला गायक लयीला पक्का होईल; दुसऱ्याचें ऐकून गाणें हा गुण मात्र त्याला माणसांतच शिकावा लागेल. पेटीवर बंदी घालून प्रश्न सुटला नाहीं, तसा यंत्र नाकारूनहि सुटणार नाहीं. रियाज यंत्राबरोबर करावा. गाणें मात्र माणसांबरोबर व्हावें.