रेव्होलो, २५ किलोमीटर आणि ‘ॲव्हरेज किती देते?’

नवी प्लग-इन हायब्रिड गाडी बाजारात आली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ॲव्हरेज किती देते?” तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर तुमचा पहिला प्रश्न थोडा वेगळा हवा: “हा आकडा काय काय धरून काढलाय?” आज हाच प्रश्न घेऊन आपण जरा मागे जाऊ. सुरुवात मुळशी तालुक्यातून करू. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं प्लग-इन हायब्रिड देण्याचा भारतातला एक ठळक प्रयत्न याच तालुक्यातल्या हिंजवडीशी जोडलेला आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करू. साध्या हायब्रिडमध्ये इंजिनासोबत मोटर असते, पण तिची बॅटरी गाडी चालता चालताच चार्ज होते, इंजिनावर आणि ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या ऊर्जेवर. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवरही चार्ज करता येते. म्हणजे रोजचे पहिले काही किलोमीटर विजेवर, पुढचे पेट्रोलवर. बॅटरी चार्जच केली नाही तर? गाडी तरीही चालते, फक्त जड बॅटरी वागवत पेट्रोलवर चालते. आजचा सगळा लेख या ‘चार्जच केली नाही तर’भोवती आहे.

हिंजवडीचं रेव्होलो

जून २०१० मध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने ‘रेव्होलो’ जाहीर केलं. सोबत पुण्याचीच भारत फोर्ज होती. ही नवी गाडी नव्हती, तर आहे त्या गाडीला बसवायचा संच होता: इंजिनाला जोडलेली मोटर, एक कंट्रोलर आणि घरी चार्ज करायची बॅटरी. काळाकडे लक्ष द्या. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली जगातली पहिली प्लग-इन हायब्रिड, चीनच्या बीवायडीची एफ३डीएम, डिसेंबर २००८ मध्ये आली. अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट ग्राहकांच्या हाती पडायला डिसेंबर २०१० उजाडला. म्हणजे पुणं मागे नव्हतं.

रेव्होलोबद्दल तेव्हा सांगितलेले आकडे असे: किंमत ६५ हजार ते दीड लाख रुपये, इंधन कार्यक्षमतेत ४० टक्क्यांहून जास्त वाढ, हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात किमान ३० टक्के घट. हे वाचून दोन वेगवेगळे फायदे आहेत असं वाटतं ना? कागद घ्या. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी ४० टक्के वाढीनंतर २१ किलोमीटर जाईल. शंभर किलोमीटरला आधी ६.६७ लिटर लागायचं, आता ४.७६ लिटर. बचत झाली साधारण २९ टक्के. पेट्रोल जितकं कमी जळेल तितकाच त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कमी. म्हणजे ‘४० टक्के वाढ’ आणि ‘३० टक्के घट’ ही जवळपास एकच गोष्ट आहे, छेद बदलून सांगितलेली. शोधनिबंध वाचताना टक्का दिसला की ‘कशाचा टक्का?’ हे विचारायची सवय इथूनच लावा.

आता २०१० च्या ग्राहकाच्या जागी बसू. पेट्रोल ५५ रुपये लिटर धरू. वर्षाला १० हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं सुमारे १९० लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे साडेदहा हजार रुपये. स्वस्तातला संचही वसूल व्हायला सहा वर्षं, महागाचा तर चौदा. विजेचं बिल आपण अजून धरलेलंच नाही. वर्षाला २५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं गणित मात्र अडीच वर्षांतच बसतं.

पण थांबा. दिवसाला जास्त किलोमीटर चालवणाऱ्याची बॅटरी सकाळीच संपते आणि उरलेला दिवस पेट्रोलवर जातो. मग त्याच्यासाठी ४० टक्के हा आकडा तरी तसाच राहील का? ज्याला वसुलीसाठी जास्त चालवणं भाग आहे, त्याच्याच बाबतीत विजेचा वाटा घटतो. प्लग-इन हायब्रिड घ्यावी की नाही, या निर्णयातली खरी अडचण ही आहे आणि ती आजही सुटलेली नाही.

रेव्होलो आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांत काही दिसलं नाही. वापरातल्या गाडीला असा संच बसवायचा तर त्याची चाचणी आणि मान्यता कशी, याचे नियमच तेव्हा नव्हते; ते २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी भारतात व्होल्वोची एक्ससी९० टी८ ही प्लग-इन हायब्रिड आली, सव्वा कोटीला. त्यामुळे सर्वसामान्य घरात या निर्णयाची वेळ अनेक वर्षं आलीच नाही.

युरोपचे २५ किलोमीटर

युरोपात ती वेळ आली आणि तिथे काय झालं ते बघण्यासारखं आहे. प्लग-इन हायब्रिडचा अधिकृत आकडा काढायचा कसा? दोन मापं होती: बॅटरी भरलेली असताना आणि रिकामी असताना. या दोन्हींची सांगड घालायला जुन्या युरोपीय नियमात एक गृहीतक होतं: बॅटरी संपल्यावर माणूस सरासरी २५ किलोमीटर चालवेल आणि मग पुन्हा चार्ज करेल.

मित्सुबिशी आउटलँडरची प्लग-इन आवृत्ती घ्या. विजेवरची रेंज ५२ किलोमीटर. म्हणजे हिशेबात दर ७७ किलोमीटरांपैकी फक्त २५ पेट्रोलवर. अधिकृत आकडा आला शंभर किलोमीटरला १.९ लिटर, आपल्या भाषेत लिटरला ५२ किलोमीटरच्या वर! उलटं गणित करा: बॅटरी रिकामी असताना हीच गाडी १०० किलोमीटरला सुमारे ५.८५ लिटर, म्हणजे लिटरला १७ किलोमीटर देते. गाडी तीच आणि रस्ताही तोच. १७ चे ५२ करणारी गोष्ट म्हणजे ते २५ किलोमीटर.

इथे कोणी खोटं बोललं नव्हतं. नियम जाहीर होता आणि मापं प्रयोगशाळेत नीट घेतलेली होती. फक्त माणसाची सवय आधीच गृहीत धरलेली होती. पुढे चाचणीची पद्धत बदलली, पण नव्या पद्धतीतही ‘लोक किती वेळा चार्ज करतात’ हे गृहीतच होतं. मग युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधन-नोंदणीतून प्रत्यक्षातली माहिती गोळा केली. मार्च २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली: प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट. २०२५ पासून युरोपात हे गृहीतक कडक होत चाललंय.

कारणाचा धागा आयसीसीटी आणि फ्राउनहोफर या संस्थांच्या २०२२ च्या अहवालात सापडतो. स्वतःच्या गाडीवाल्यांचे ४५ ते ४९ टक्के किलोमीटर विजेवर होत होते, तर कंपनीच्या गाडीवाल्यांचे ११ ते १५ टक्के. पेट्रोलचं बिल कंपनी भरत असेल, तर रात्री केबल लावायचे कष्ट कोण घेणार?

आपला आकडा आपणच काढायचा

आता पुन्हा मुळशीत येऊ. दोन घरं कल्पा. दोघांचीही गाडी महिन्याला १२०० किलोमीटर चालते, म्हणजे दिवसाला सरासरी ४०. पहिलं घर पौडचं: रोज कोथरूडकडे नोकरीला, ३० दिवस ४०-४० किलोमीटर. दुसरं घर हिंजवडीजवळचं: २५ दिवस फक्त १०-१० किलोमीटर, आणि पाच दिवस ताम्हिणी उतरून कोकणात वगैरे, दर दिवशी १९०. गाडीची विजेवरची रेंज ५० किलोमीटर धरा आणि दोघंही रोज रात्री चार्ज करतात असं माना. पहिल्या घराचे सगळे १२०० किलोमीटर विजेवर होतात. दुसऱ्याचे? २५ दिवसांचे २५० आणि पाच दिवसांचे पन्नास-पन्नास, मिळून ५००. म्हणजे ४२ टक्के. सरासरी दोघांची सारखी, निकाल एकदम वेगळा. संख्याशास्त्रात ‘सरासरीसोबत विखुरण बघा’ असं शिकवतात, ते याचसाठी.

दुसरं घर एखाद्या सोसायटीत असेल आणि पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नसेल, तर ४२ सुद्धा विसरा.

विजेचा उगमही हिशेबात धरा. मुळशीकराला वीज फुकट नसते हे वेगळं सांगायला नको. मुंबईला वीज देण्यासाठी इथल्या गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. आज महाराष्ट्राच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे विजेवर धावलेला किलोमीटर म्हणजे शून्य प्रदूषणाचा किलोमीटर, असं सरळ लिहू नका.

घरी नव्या गाडीची चर्चा चालू असेल तर एक करा. आत्ताच्या गाडीचं ओडोमीटर रोज रात्री वहीत टिपा, किमान दोन महिने, त्यात एखादी लांबची फेरीही येऊ द्या. मग प्रत्येक दिवसाचे किलोमीटर आणि नव्या गाडीची रेंज यांतला लहान आकडा घ्या, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण किलोमीटरांनी भागा. चार्ज करता येणार नाही त्या दिवसांना शून्य द्या. उत्तर ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलं तर पूर्ण इलेक्ट्रिक गाडीचाही विचार करा. तीसच्या खाली आलं तर साधी हायब्रिड किंवा चांगली पेट्रोल गाडी बघा. मधे आलं तरच प्लग-इनच्या जादा किमतीचं गणित मांडायला बसा. ऐंशी आणि तीस या सीमा माझ्या ढोबळ अंदाजाच्या आहेत. तुमच्या वहीत त्या बदलल्या, तर का बदलल्या तेही शेजारी लिहून ठेवा.